पहिल्याच दिवशी काढलेली तिकिटं

आई, तिकिटं मी पहिल्याच दिवशी काढली. सकाळी विक्री सुरू झाली आणि मी लॅबच्या टी-रूममध्ये उभ्या उभ्या, एका हातात अर्धं खाल्लेलं सँडविच धरून, फोनवर दोन सीट घेऊन टाकल्या. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळे एकच शब्द बोलणार होते, "थांब." असं म्हणणारा एक माणूस घरात होता, एक इथे सिडनीतच केलीव्हिलला होता, एक अमेरिकेत होता, आणि चौथी तू. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सगळ्यांत मोठ्याने तूच बोलत होतीस. "एवढी घाई कसली? बाजार उठू दे. भाव आपोआप खाली येतो." त्या वाक्याला मी कधी तोंडावर उत्तर दिलं नाही. आज देतेय, आणि आधीच सांगून ठेवते, गोड लिहिणार नाही.

तिकिटं कशाची ते आधी सांगते. तुझा नातू, ज्याचं बोबडं बोलणं तू फक्त फोनवर ऐकलंस, तो आता अमेरिकेत एका कॉलेजात शिकतो आणि त्यांच्या टीममधून फुटबॉल खेळतो. आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लांबट असतो, डोक्यावर हेल्मेट असतं आणि खांद्यावर उशा बांधल्यासारखं काहीतरी असतं. इथे गिरावीनला लहानाचा मोठा होताना तो ऑसी रूल्स, म्हणजे इथला फुटबॉल, खेळायचा. त्यातही लांबट चेंडू, आणि हा तो लाथेने इतका उंच उडवायचा की बाकीच्या पोरांचे आईबाप गप्पा थांबवून वर बघायचे. अमेरिकन कॉलेजांना अशी पोरं हवी असतात म्हणे. मला जेवढा कळला तेवढा नियम सांगते. टीमने चेंडू घेऊन पुढे सरकायचं. सरकता आलं नाही, की बाहेर बसलेल्या एका मुलाला बोलावतात, तो चेंडू लांब लाथाडतो आणि परत बाहेर जाऊन बसतो. त्या मुलाला म्हणतात पंटर. आपल्या ठाण्यात पंटर म्हणजे कुण्या भाईच्या मागेपुढे करणारा पोरगा. "आई, तुझा नातू पंटर झालाय," असं मी कळवलं असतं तर तू फोन आपटला असतास.

तर या वर्षी त्यांच्या सीझनचा पहिला सामना चक्क सिडनीत ठरला. अमेरिकेतली दोन कॉलेजं विमानात बसून इथे येणार, आपल्या घरापासून ट्रेनने जाता येईल अशा स्टेडियममध्ये खेळणार. बातमी आली त्या संध्याकाळी मी लगेच म्हटलं, तिकिटं काढू या. तुझ्या जावयाने चष्मा कपाळावर सरकवला. तो चष्मा वर गेला की मला समजतं, आता समजावणी येणार. "अगं, डोकं शांत ठेवून विचार कर. पोराचं नाव इथे येणाऱ्या टीममध्ये आलं, तर घरच्यांना पास मिळणारच. नाही आलं, तर तो येणारच नाही. मग तिकिटं कशाला?" बरोबर होतं त्याचं. अगदी मुद्देसूद बरोबर. त्यानेच तर मी जास्त भडकले. त्या वीकेंडला केलीव्हिलला त्याच्या मित्राकडे बार्बेक्यू होता. हा मित्र मूळचा दिल्लीचा, स्वभावाने भला, पण जगातल्या प्रत्येक वस्तूचा खरा भाव फक्त आपल्यालाच माहीत आहे असं समजणारा. चिमट्याने पनीर उलटत तो मला म्हणाला, "भाभी, रुक जाओ. ऑसी लोगों को ये गेम समझ में ही नहीं आता. स्टेडियम खाली रहेगा. लास्ट वीक में आधे में मिलेंगे."

लास्ट वीक. आई, तो शब्द ऐकला आणि माझ्या हातातली प्लेट मी तशीच टेबलावर ठेवून दिली. कारण मला सर्कस आठवली.

तुला आठवतेय का ते मला माहीत नाही. बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते. मैदानात सर्कशीचा तंबू लागलाय, शाळेतली एकेक मुलगी जाऊन येतेय, आणि डबा खाताना मला सांगतेय की वाघ आगीच्या कड्यातून कसा जातो. मी रोज तुझ्यामागे लागतेय. तू टेलिफोन एक्स्चेंजमधून दमून आलेली, पदर खोचून कणीक मळतेयस, आणि रोज म्हणतेयस, "शेवटच्या आठवड्यात जाऊ. तेव्हा अर्ध्या तिकिटात सोडतात. वाघ तोच असतो." शेवटचा आठवडा येतो. आपण दोघी चांगले कपडे घालून, केसांत गजरा माळून निघतो. आणि मैदान रिकामं. त्यांचं दुसऱ्या गावी काही लवकर ठरलं म्हणून तंबू आधीच उतरवून गेलेले. नुसता भुसा, खुंट्यांची भोकं आणि शेणाचे ढीग. मी रडले नाही, हे मला नीट आठवतंय. मग माझा हात धरून सगळं मैदान फिरवलंस. "हे बघ, इथे हत्ती बांधत असणार, केवढा ढीग आहे. इथे मधोमध रिंगण. आणि ही भोकं दिसतात ना, ती झोपाळ्याच्या खांबांची." घरी येताना मला भुईमुगाच्या शेंगा घेऊन दिल्यास आणि शेजारच्या काकूंना सांगितलंस, "जाऊन आलो बाई सर्कशीला." लोकांना ही गोष्ट मी हसत सांगते. लोकही हसतात, तुझं कौतुकही करतात. पण मला वाघ बघायचा होता, आई. तुझ्या बोटाने दाखवलेलं भोक नाही.

शाळेची सहल अशीच गेली, यादी भरली म्हणून. फटाके भाऊबीजेच्या संध्याकाळी यायचे, जेव्हा बाकीची मुलं कंटाळून घरात बसलेली असायची. आणि मी कुरकुर केली की तुझं ठरलेलं, "उतावीळपणाने कुणाचं भलं झालंय?" एकदा मी रागाने म्हणाले होते की तू माझ्या लग्नालाही मांडव उठताना येशील. तेव्हा तू मला मारलं नाहीस, फक्त दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. ते मारण्यापेक्षा वाईट होतं.

आणि माझा खरा राग यावर आहे की तुला कळत नव्हतं असं नाही. एका सुट्टीच्या दिवशी मला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तू मला एक्स्चेंजमध्ये घेऊन गेलीस. सुपरवायझरबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. मी स्टुलावर बसले होते, तू कानाला हेडफोन लावून दोरांची टोकं या भोकातून त्या भोकात घालत होतीस, माझ्या आईचे हात इतके भराभर चालतात हे मी पहिल्यांदा बघत होते. एका माणसाला नागपूरला ट्रंक कॉल हवा होता. तुझं उत्तर मला ऐकू येत होतं. आधी तू नेहमीसारखी म्हणालीस, "साधा बुक करा, कशाला जास्त भरता?" मग थोडं ऐकलंस. आणि एकदम तुझा आवाज बदलला. "नाही नाही, तुम्ही थांबू नका. लाइटनिंग टाका, महाग पडला तरी लगेच लागतो. मी लावते आत्ताच्या आत्ता." आणि लावलास. मी नंतर विचारलं, कोण होता? तू म्हणालीस, "त्याची आई आजारी आहे." म्हणजे कुठला कॉल थांबू शकतो आणि कुठला नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. परक्या माणसाचा आवाज ऐकून तुला ते समजायचं. मग माझा आवाज ऐकून का नाही समजलं?

मुलगा झाला तेव्हा मी तुला म्हटलं, ये. तू म्हणालीस, मे महिन्यात सगळे सुट्टीला निघतात, भाव चढलेले असतात. मग दिवाळीत चढलेले. मग नाताळात तर विचारूच नको. तिकीट आम्ही काढतो म्हटलं तर तू माझ्यावरच उसळलीस, "तुमच्याकडे काय पैसे झाडाला लागतात? नवीन घर घेतलंय, पोर लहान आहे." त्याच्यासाठी तेवढा एक स्वेटर पाठवलास. तिथली थंडी संपताना सेलमध्ये घेतलेला, आणि तो इथे पोचला तो बरोबर आमच्या हिवाळ्याच्या तोंडावर. तुझा भावाचा हिशोब एकदाच सगळ्या बाजूंनी जुळला, तोही पृथ्वी गोल आहे म्हणून. राखाडी रंगाचा, छातीवर बदक असलेला. तो घालून पोरगा फोनसमोर उभा राहायचा आणि ओरडायचा, "आज्जी, डक!" आणि तू त्याला विचारायचीस, "मी येऊ का रे बघायला?" तो म्हणायचा, "नाऊ!" आई, तो "नाऊ" म्हणायचा. आणि तू हसून मला म्हणायचीस, "फेब्रुवारीत येते. ट्रॅव्हलवाला म्हणतोय, फेब्रुवारीत नक्की खाली येणार."

जानेवारीत तू सकाळी दूध आणायला खाली गेलीस आणि वर येताना जिन्यात बसलीस ती उठलीच नाहीस. शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी इथे शिफ्टला होते. त्या दिवशी मी तिकिटाचा भाव विचारला नाही. मिळेल ते, मिळेल त्या वाटेने, आत्ताच्या आत्ता. एवढंच बोलले, आणि ट्रॅव्हल एजंटच्या काउंटरवरची ती मुलगी, कोण कुठली, तिने मला खुर्ची दिली आणि पाणी दिलं. मला सगळं कळतं, आई. एकटीच्या पगारात तू घर चालवलंस, आणि माझी इथल्या युनीची पहिली फी तुझ्या त्या थांबण्यातूनच साठली. दुसऱ्या कुणी तुला कंजूष म्हटलं तर मी त्याच्या अंगावर जाईन. पण तू नातवाची वाट बघत नव्हतीस, भाव पडायची वाट बघत होतीस, आणि हे मी तुला आजवर माफ केलेलं नाही.

तर, मी तिकिटं काढली. दुसऱ्या दिवशी पोराला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"मम, प्लीज टेल मी यू डिडन्ट."

"दोन घेतल्या. वरच्या मजल्यावर आहेत, पण अगदी मधोमध."

"आय माइट नॉट इव्हन बी ऑन द प्लेन! माझ्याहून सीनियर पंटर आहे. कोच दोघांना आणेल की एकालाच, नो आयडिया. आणि मी नाही आलो तर? यू विल बी सिटिंग देअर वॉचिंग नोबडी."

"मग मी नोबडीला बघेन."

"दॅट्स नॉट फनी, मम," तो म्हणाला आणि फोन बंद केला.

त्यानंतर कितीतरी दिवस त्याचा फोन नाही. मेसेज केला तर नुसता अंगठा. तुझा जावई सिंकपाशी भांडी विसळत म्हणाला, "त्याच्यावर आधीच केवढं प्रेशर आहे. त्यात तू तिकिटं काढून बसलीस. झालं समाधान?" मी म्हटलं, "नाही झालं." तो हात पुसून माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "हा राग तिकिटांचा नाहीये ना?" मी म्हटलं, "नाहीच आहे." तो चहा टाकायला उठला. ते दिवस मी वेस्टमीडच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सँपल बघत होते आणि मनात तुझ्याशीच भांडत होते. तू थांबून माझं नुकसान केलंस आणि मी न थांबून माझ्या पोराचं करतेय, असं वाटायचं, आणि त्याचाही राग तुझ्यावरच यायचा. मला मधलं काही शिकवलंच नाहीस तू.

मग एका अरवोला, दुपार कलताना, मी ट्रेनची वाट बघत प्लॅटफॉर्मवर उभी असताना, त्याचा मेसेज आला. "ऑन द प्लेन." बस, तेवढंच. मी प्लॅटफॉर्मवर मोठ्याने "अगं बाई" म्हणाले आणि शेजारचा माणूस दोन पावलं सरकला.

आणि मग अर्थातच पास आले. चार जणांची नावं देता येणार होती, खेळाडूंच्या घरच्यांसाठी राखलेली खालची जागा, मैदानाला अगदी लागून. तुझ्या जावयाने आमच्या दोघांची आणि त्या केलीव्हिलच्या नवराबायकोची नावं देऊन टाकली. ज्यांनी थांबा म्हणून सांगितलं, ते फुकटात पहिल्या रांगेत! मी म्हटलं, मी माझ्या सीटवर बसणार. "अगं, वरून मुंग्या दिसतील!" "दिसू देत. मी विकत घेतलेल्या मुंग्या आहेत." तो चिडला, खाली गेला. मी वर गेले. एकटी, शेजारची सीट रिकामी, गार वारा नुसता झोंबतोय, आणि मान ताठ.

माझ्या दुसऱ्या बाजूला एक म्हातारा ऑसी बसला होता, थर्मास घेऊन, हा खेळ काय प्रकार आहे ते बघायला आलेला. त्याने विचारलं, "हू आर यू बॅरॅकिंग फॉर, लव्ह?" म्हणजे कुणाच्या बाजूने. मी म्हटलं, "द पंटर." त्याने दुर्बीण लावून बाहेरच्या बाकाकडे बघितलं. "पुअर बगर. हॅझन्ट हॅड अ किक." खरंच होतं ते. आमची टीम इतकी झकास खेळत होती की तिला पंटरची गरजच पडेना. सगळं स्टेडियम ओरडतंय, पुढे, पुढे, आणि मी पोटच्या पोराच्या टीमसाठी मनात म्हणतेय, अडका रे, एकदा तरी अडका. आणि स्टेडियम रिकामं वगैरे काही नव्हतं, आई. खच्चून भरलं होतं. लास्ट वीकमध्ये एक तिकीट शिल्लक नव्हतं. हे मला त्या केलीव्हिलवाल्याला ओरडून सांगायचं होतं, इतक्यात मोठ्या पडद्यावर खेळाडूंचे आईबाप दाखवायला लागले आणि त्यात कोण? तेच केलीव्हिलचे दोघं! हात हलवतायत, ती तर फ्लाइंग किस देतेय. म्हातारा म्हणाला, "दॅट द पंटर्स फोक्स? गुड ऑन देम." "दे आर नॉट!" मी इतक्या जोरात ओरडले की पुढच्या रांगेतल्या चार जणांनी वळून बघितलं.

पडद्यावर त्यांच्या बाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, एक माझीच. दुसरी का रिकामी आहे ते थोड्या वेळाने कळलं. तुझा जावई धापा टाकत जिना चढून वर आला, हातात गरम चिप्सचा डबा. मी म्हटलं, "कशाला आलास?" म्हणाला, "खाली काही दिसत नाही. नुसत्या आडदांड पोरांच्या पाठी." आणि माझ्या शेजारी बसला. त्या सीटवर, जी मी पहिल्या दिवशी काढली होती. मी चिप्स घेतल्या.

अगदी शेवटाकडे टीम अडकली. बाहेरच्या बाकावरून एक पोरगा पळत आत आला. तुझ्या जावयाने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं. मग बुटाचा एक टणक आवाज, मग सगळ्या स्टेडियमने एकदम श्वास घेतला, आणि म्हातारा उभा राहून "यू ब्यूटी!" म्हणत थर्मास हलवायला लागला. चेंडू पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन थांबला.

सामना संपल्यावर आम्ही कठड्यापाशी गेलो. पोरगा आला, घामाने आणि गवताने माखलेला, माझ्याहून दीड हात उंच. मला म्हणाला, "आय डिडन्ट मेक इट बिकॉज ऑफ युअर टिकिट्स. जस्ट सो यू नो."

"माहितीये."

"आय वॉज सो मॅड ॲट यू."

"तेही माहितीये."

"गुड," म्हणाला, आणि कठड्यावरून वाकून मला मिठी मारली. मग कानापाशी विचारलं, "डिड यू सी इट, मम?" मी म्हटलं, "बघितली ना. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली." तो हसला, अगदी लहानपणी हसायचा तसा.

आता तो परत गेलाय आणि मी सकाळपासून हे लिहितेय. हे टाकणार कुठे? ठाण्याच्या त्या घरात दुसरी माणसं राहतात, आणि तू जिथे आहेस तिथे टपाल जात नाही. माझा राग गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. तरी एक गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, म्हणून तुला सांगते. केलीव्हिलवाल्यांना, लॅबमधल्या मुलींना, शेजारणीला, सगळ्यांना मी ती किक रंगवून रंगवून सांगितलीय, चेंडू किती उंच गेला, कसा वळला. आई, मी ती बघितलीच नाही. चेंडू त्याच्या हातात आला आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा तो पळत बाहेर चालला होता.